अंथरलेला राब

गोवर्धन शेठ माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, असं रंगूला पुढे कितीदा तरी वाटलं. वाईट माणसाने तोंडावर सांगून टाकलं असतं, तिच्या सासऱ्याने चार शिव्या हासडल्या असत्या आणि प्रकरण त्याच दिवशी मिटलं असतं. पण शेठ पडला भला आणि भिडस्त. त्यामुळे जे येसूला सांगायचं ते त्याने येसूच्या सुनेला सांगितलं, आणि आपण मोकळा होऊन चहाची बशी तोंडाला लावली.

झालं असं, की भात झोडून झालं, खळ्यावरच निम्मं निम्मं वाटून झालं, आणि शेठच्या वाट्याची पोती जीपमध्ये घालून रंगू जव्हारला आली. दरवर्षी हे काम येसूचं आणि जगनचं असायचं. जगन म्हणजे येसूचा एकुलता मुलगा, रंगूचा नवरा. त्या वर्षी आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्यावर जगन ठाण्याला एका इमारतीच्या कामावर गेला, कापणीला येतो म्हणाला, आणि भाद्रपदात परांचीवरून पडून गेला. येसूने कापणी केली ती नुसत्या हातांनी. जीव त्यात नव्हताच. जव्हारला जायला तो उठलाच नाही, म्हणून रंगू आली.

शेठच्या बायकोने, आशालताबाईंनी, चहा आणि खारी समोर ठेवली. शेठने बराच वेळ भाताचं कौतुक केलं, दाणा कसा भरलाय, वास कसा येतोय. रंगूला वाटलं, आता जगनबद्दल बोलेल. तो बोलला ते भलतंच.

"हे बघ रंगू, येसूचं आता वय झालं. जगन होता तोवर प्रश्न नव्हता. पण एकट्या म्हाताऱ्याने चार खाचरं ओढायची म्हणजे... तर सौरभ म्हणतो, पुढच्या सालापासून शेत कमलेशला देऊ. त्याच्याकडे पॉवर टिलर आहे, पोरगा धडपड्या आहे. तुम्हाला काही आम्ही विसरणार नाही."

सौरभ हा शेठचा मुलगा, नाशिकला नोकरीला. एकच माणूस इतकी वर्षं कसतोय, उद्या कूळ म्हणून सातबाऱ्यावर नाव लावून बसेल, असं त्याने बापाच्या डोक्यात भरवून दिलं होतं. शेठ ते बोलला नाही, पण आशालताबाईंनी ज्या तऱ्हेने नजर चुकवली, त्यावरून रंगूला कळायचं ते कळलं. येसूच्या तर ते स्वप्नातही नव्हतं. शेत शेठचं, कसायचं आपण, यापलीकडे त्याने आयुष्यात विचार केला नव्हता.

"येसूला तूच सांग," शेठ म्हणाला. "तुझं ऐकेल तो. माझ्याच्याने नाही व्हायचं. अगं, त्याचा बाप माझ्या वडिलांकडे यायचा..." आणि शेठचे डोळे खरोखरच भरून आले. म्हातारा आता रडतो की काय, या भीतीने रंगू घाईघाईने म्हणाली, "सांगेन शेठ. तुमी जिवाला नका लावून घेऊ."

म्हणजे शेत गेलं हिचं, आणि समजूतही हिनेच काढायची!

त्यांचा पाडा दाभोशाच्या धबधब्याच्या अलीकडे, डांबरी सोडून ओढ्याकडे उतरलं की लागतो. स्वतःची जमीन म्हणाल तर डोंगरउतारावरची एक पट्टी, नागलीपुरती. भात पिकायचं ते शेठच्या खाचरांत, अर्धेलीने. त्या अर्ध्यावर होळीपर्यंतचे दिवस निघायचे, पुढे नागली आणि मजुरी. येसू त्या खाचरांत पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं नव्हतं. बांधाचा एकेक दगड त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातचा होता.

जीपमधून उतरताना रंगूने मनाशी पक्कं केलं होतं की आजच सांगायचं. घरी येऊन बघते तर म्हातारा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला, सकाळी ठेवला तसाच. पुढ्यातली भाकर मुंग्यांनी धरलेली. जगन गेल्यापासून तो असाच होता. विचारलं तर हूं म्हणायचा, नाही विचारलं तर तेवढंही नाही. अशा माणसाला आणखी काय सांगायचं? उद्या सांगू, असं तिने ठरवलं. आणि उद्या, उद्या करता करता मार्गशीर्ष सरला.

मग पौषातल्या एका सकाळी तिला दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते, तर येसू कोयत्याला धार लावतोय.

"कवळ तोडाया जातो," तो म्हणाला. "जगन दरसाल बोलायचा, बा, यंदा थोडा राब कर, रोप कमी पडतंय. थोडा कसा करू? राब काय थोडा असतो?"

जगन गेल्यावर त्याच्या तोंडून जगनचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा निघालं. रंगू दारातच उभी राहिली. शेत गेल्याचं सांगायचं तिने त्या दिवशीही टाळलं.

राब म्हणजे काय, ते ज्यांनी कधी भात लावला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. जिथे भाताचं रोप टाकायचं, ती जागा आधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर ऐनाच्या नाहीतर मिळेल त्या झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यालाच कवळ म्हणतात, वर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. हिवाळ्यात झाडावर चढायचं, फांद्या उतरवायच्या, वाळवायच्या, भारे बांधून डोक्यावरून आणायचे, आणि वैशाखात पेटवायचं. चार महिन्यांचं मरणाचं काम, आणि हाती राहते राख. पण त्या राखेत पडलेलं भात जे उगवतं, त्याला तोड नाही.

आणि आणखी एक. पाड्यावर अर्धेलीच्या शेताचा करार कोणी कागदावर करत नाही, तोंडाने बोलूनही करत नाही. ज्याने राब अंथरला, त्याचं त्या सालचं शेत. मालकाने तो बघितला आणि काही बोलला नाही, की झालं. पाड्यावर भांडणं झाली, डोकी फुटली, सख्ख्या भावांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं, पण अंथरलेल्या राबावरून कोणी कोणाला उठवलं, असं कधी घडलं नव्हतं.

रंगूच्या मनात हे केव्हा आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी ती गप्प बसली ती दयेपोटी. म्हातारा बोलायला लागला होता. झाडावर चढताना जगन लहानपणी कसा पडला होता, पडूनही कोयता कसा सोडला नव्हता, हे तो एकटाच हसत सांगायचा. जेवायला लागला होता. पण दहा-बारा भारे खाली आले, आणि एका दुपारी खाचराच्या कडेला रचलेला तो ढीग बघताना तिला वाटलं, हा राब एकदा अंथरून होऊ दे. मग शेठची काय छाती आहे शेत काढून घ्यायची? मग बाबाला सांगायलाच लागणार नाही. सांगायचं कारणच उरणार नाही.

त्या दिवसापासून ती स्वतः शेणाच्या पाट्या नेऊन ओतायला लागली. येसू खूश झाला. "जगन्याला कधी शेण उचलायला नको असायचं," तो म्हणाला. आता तर तो लाडाने जगन्या म्हणू लागला होता.

शिमग्याच्या आधी राब अंथरून झाला. येसूने वरची माती हाताने अशी सारखी केली, की ती तव्यावरच्या भाकरीसारखी दिसायला लागली. दुसऱ्याच बाजाराला रंगू शेठकडे गेली. जाताना तिची मान ताठ होती, कारण आता तिच्याकडे हुकमाचं पान होतं.

"शेठ, बाबानं राब अंथरला," ती म्हणाली, आणि थांबली.

शेठ तिच्याकडे बघत राहिला. "राब म्हणजे तो पालापाचोळा जाळतात तो ना?"

"व्हय."

"अरे वा. चांगलं झालं. जागा साफ होईल." मग त्याच्या कपाळावर आठी आली. "पण रंगू, तू सांगितलंस ना त्याला? कमलेशचं?"

"बाबानं राब अंथरला, शेठ," रंगू पुन्हा म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने, जणू बहिऱ्याला सांगतेय. याच्यापुढे आणखी काय बोलायचं असतं हे तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या जगात याच्यापुढे बोलणं नव्हतंच. आणि जव्हारच्या त्या घरात, फॅनखाली बसलेल्या त्या भल्या माणसाच्या जगात, ते बोलणं सुरूच झालेलं नव्हतं. शेठचे वडील कदाचित समजले असते. शेठने शेत बघितलं होतं ते दारात आलेल्या पोत्यांतच.

"सांग गं बाई लवकर," आशालताबाई मधे पडल्या. "म्हातारा माणूस उगाच राबतोय तो. बरं दिसत नाही."

रंगू उठली. स्टँडवर आली आणि समोर उभ्या असलेल्या जीपमध्ये मागच्या बाजूला चढली. जीप भरलेली होती. बाजार करून निघालेली अर्धी माणसं पाड्याची, अर्धी शेजारच्या पाड्यांची. तिच्या पाड्यावरची पुष्पा मांडीवर वाळल्या बोंबलांची पिशवी घेऊन बसली होती. आणि समोरच्या बाकावर, नेमका गुडघ्याला गुडघा लागेल असा, कमलेश बसलेला.

कमलेश ओढ्यापलीकडच्या पाड्याचा. चार-सहा वर्षं ठाण्याला काढून परत आलेला, त्यामुळे बोलण्यात मधेच हिंदी यायचं. कृषी खात्याच्या माणसाने त्याला मातीच्या उंच गादीवाफ्यावर, काही न जाळता, रोप करायला शिकवलं होतं, म्हणून तो राबाच्या भानगडीत पडत नसे. पण राब म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तो इथलाच होता.

"वैनी," तो जरा पुढे वाकून म्हणाला, "एक बात विचारू? काकाला शेताचं सांगलंस ना तू?"

जीपमधलं बोलणं एकदम बंद झालं. ड्रायव्हरनेसुद्धा गाणं बारीक केलं, की रंगूलाच तसं वाटलं. पुष्पा तर सरळ तिच्या तोंडाकडे बघत होती. शेत गेलंय आणि सून चार महिने गप्प बसलीय, म्हाताऱ्याकडून फुकट मर मर काम करून घेतेय, हे एवढ्या लोकांत कोणत्या तोंडाने सांगणार?

"सांगलं," रंगू म्हणाली.

"मग तो राब?"

खोटं बोलायची एकदा सुरुवात झाली की पुढचं सोपं असतं. निदान त्या वेळी तिला ते सोपं गेलं. "तुझ्याचसाठी अंथरला," ती म्हणाली. "बाबा बोलला, माझ्यान नांगर आता धरवत नाय, राब तरी देतो पोराला. जगनच्या बरोबरीचा हाय तो."

कमलेशने तोंड फिरवून बाहेर बघितलं, आणि थोड्या वेळाने मनगटाने डोळे पुसले. पुष्पा म्हणाली, "देवमाणूस हाय येसूबाबा." जीपमधल्या दोन-तीन माणसांनी माना हलवल्या. रंगूला वाटलं, जीप कुठेतरी दरीत जावी.

घरी गेल्या गेल्या सगळं सांगून टाकायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं. पण येसूने तिच्यासाठी भाकरी करून ठेवल्या होत्या. जाडजूड, एका बाजूने करपलेल्या. जगनची आई गेल्यावर आपण जगनला अशाच भाकऱ्या खायला घालत होतो, तो नाक मुरडायचा पण खायचा, असं सांगत तो समोर बसला. रंगूने ती करपलेली भाकर खाल्ली आणि झोपून गेली.

पाड्यावर बातमी एका दिवसात फिरली. आता तुम्ही म्हणाल, मग येसूला कशी कळली नाही? त्याचं कारण असं, की कोणी काही दिलं तर त्याचा गाजावाजा देणाऱ्याच्या तोंडावर करायचा नाही, अशी तिथली रीत आहे. त्याने दिलेलं हलकं होतं म्हणतात. त्यामुळे येसूला कोणी काही बोललं नाही. फक्त जो तो त्याच्याशी गोड वागायला लागला. कोणी मोहाची फुलं आणून दिली, कोणी खेकडे. पुष्पा येता-जाता पाया पडायला लागली. येसूला वाटलं, पोरगा गेला म्हणून लोक माया करतात. "माणसं चांगली हाईत गं आपली," तो रंगूला म्हणाला. ती भांडी घासत होती. ती घासतच राहिली.

वैशाखात राब पेटवायचा दिवस आला. सकाळीच येसू खाचरावर जाऊन बसला आणि वाऱ्याकडे बघत राहिला. वारा ज्या दिशेने येतो तिकडून आग लावली तर ती धावत सुटते आणि वरवरचं जाळून जाते. उलट बाजूने लावली तर एकेक पाऊल टाकत खालपर्यंत भाजते. येसूने वाळल्या गवताची चूड वळून तयार ठेवली होती. रंगू घागर घेऊन बाजूला उभी होती, आग बांधापलीकडे गेली तर विझवायला.

तेवढ्यात ओढ्याकडून माणसं येताना दिसली. पुढे कमलेश, मागे त्याची बायको करिष्मा, आणि त्यांच्या मागे पुष्पा आणि पाड्यातली चार-पाच माणसं. कमलेशच्या हातात नारळ, नवी टोपी आणि पंचा.

रंगूच्या हातातली घागर खाली ठेवली गेली.

कमलेश येसूपुढे वाकला. टोपी त्याने स्वतःच्या हाताने म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवली. "काका, बोलायची रीत नाय, पण आज बोलतो," तो म्हणाला. "शेठनी शेत मना दिलं तवा मना वाटलं, काका नाराज होईल. मग मी इथून जात होतो, तर बघतो तो राब. माझा पायच थांबला. म्हटलं, काकानं राब अंथरला, म्हणजे शेत काकाचं. आपल्याला नको. कसम से, एकदा वैनीला विचारून शेठला नको बोलणार होतो मी. पण जीपमधे वैनी बोलली, तू माझ्यासाठी अंथरलास म्हणून." त्याने नारळ येसूच्या पायाशी ठेवला. "माझा बाप असता तर त्यानं पण एवढं नसतं केलं."

रंगूला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे राब शेठला समजला नाही, पण कमलेशला समजला होता. तिचं हुकमाचं पान खरंच हुकमाचं होतं. तिने ते चुकीच्या दारात टाकलं, आणि बरोबर माणूस समोर बसला होता तेव्हा स्वतःच्या हाताने फाडून टाकलं. त्या जीपमध्ये ती नुसती गप्प बसली असती, तरी शेत राहिलं असतं.

येसूने मान वळवून रंगूकडे बघितलं. रागाने नव्हे. एखादा हिशेब लागत नसला की माणूस जसा बघतो, तसं. मग हळूहळू त्याला तो लागत गेला, आणि लागताना त्याचा चेहरा उतरत गेला, तो रंगूने पाहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो एक शब्द बोलला असता, हा राब माझा हाय, एवढंच, तर कमलेश त्या क्षणी मागे फिरला असता. टोपी-नारळ तिथंच ठेवून गेला असता.

"हां," येसू म्हणाला. "तुझ्याचसाठी."

त्याने चूड पेटवली आणि कमलेशच्या हातात दिली. "वारा तिकडून हाय. म्हणून इकडून लाव. घाई नाय करायची."

राब दुपारपर्यंत धुमसत राहिला. असा भाजला गेला, की नंतर लोक बघायला आले.

त्या दिवसानंतर येसू रंगूशी बोलायचा, नाही असं नाही. मीठ संपलंय, छपराची दोन कौलं सरकलीत, शेळीला पाणी पाज, एवढं बोलायचं असतं तेवढं बोलायचा. जगनचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. रंगू वाट बघायची, आज ओरडेल, आज भांडेल. एकदा तर तिने मुद्दाम भात करपवला, काहीतरी बोलेल म्हणून. त्याने मुकाट्याने खाल्ला. आणि पाड्यात मात्र एकच चर्चा: येसूनं जमीन दिली. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, त्याने अर्धेलीचं शेत दिलं, तेही राब अंथरून. करिष्मा आपल्या माहेरी जाऊन सांगून आली. बोहाड्याला, देवांची सोंगं नाचवतात त्या उत्सवात, येसूला लोकांनी पुढे बसवलं.

आषाढात रोप वर आलं. काळंभोर, दाट, वीतभर. कमलेशने त्या साली गादीवाफा केलाच नाही. आवणीला माणसं लागतात, म्हणून त्याने पाड्यात सांगावा धाडला, आणि रंगू मजुरीने गेली. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. ज्या खाचरांत लग्न होऊन आल्यापासून ती घरची म्हणून उतरली होती, त्यांत ती इतर बायकांबरोबर रोजावर उतरली. कमलेशने येसूला बोलावून आणलं होतं. रोपांची पहिली जुडी त्याच्या हातून करिष्माला द्यायला लावली. येसूने दिली, आणि अंगावर प्लास्टिकचा कागद घेऊन बांधावर बसून राहिला.

दुपारी बायका भाकर खायला बाहेर आल्या. रंगू येसूच्या बाजूला जाऊन बसली. पाऊस भुरभुरत होता. बाकीच्या जरा लांब होत्या. इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते तिच्या तोंडून एकदम निघालं.

"बाबा, तू खरं का नाय बोललास त्या दिशी? कमलेश मागे फिरला असता."

"फिरला असता," येसू म्हणाला.

"मग?"

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. समोर खाचराकडे बघत तो बोलला. "आपलं सगळं तोंडावर चालतं गं. कागद नाय, काय नाय. उद्या मी नसंन. तवा तुला कोणाचं तरी शेत मागायला लागंल अर्धेलीला. जगनची बायको भर जीपमधे खोटं बोलली, असं झालं असतं, तर कोण उभं करतं तुला बांधावर? एक शेत जातं, दुसरं मिळतं. तोंड गेलं तर काय नाय मिळत."

रंगूने हातातली भाकर खाली ठेवली. पाठीवरून पाणी ओघळत होतं, ते पावसाचं की घामाचं तिला कळत नव्हतं. "मी आत्ता सांगते सगळ्यांना," ती उठत म्हणाली. "कमलेशला पण सांगते. माझं काय होईल ते होऊ दे."

"बस," येसू म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरब आली. मग ती लगेच गेली, आणि उरला तो फार थकलेला आवाज होता. "तू खोटी ठरलीस तर माझं देणं पण खोटं होईल. जन्मात कोणाला काय दिलं नाय मी. शेत शेठचं. बी पण निम्मं त्याचंच. पोराला पण काय दिलं नाय. एवढं एक दिलं, असं लोक बोलतात. राहू दे ते. मना पण हल्ली कधी कधी वाटतं, खरंच दिलं असंल."

"बाबा, तू मना काय पण बोल. शिव्या घाल."

"कशाला?" तो म्हणाला. "मी भारे आणत होतो, तू बघत होतीस. मना वाटलं, आपण दोघं जगनचं काम करतो हाय." एवढं बोलून त्याने प्लास्टिकचा कागद डोक्यावरून पुढे ओढला, आणि त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

करिष्माने हाका मारल्या. उपटलेलं रोप फार वेळ ठेवून चालत नाही. रंगू उठली आणि चिखलात उतरली. बायकांनी ओळीत तिची जागा मोकळी ठेवली होती. तिने जुडी सोडली, वाकली आणि लावायला लागली. थोड्या वेळाने पुष्पाला दिसलं, की रंगू रडतेय, आणि साधंसुधं नाही, सगळं अंग हलतंय. पुष्पा चिखलाच्या हातानेच तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"जगनची याद येते ना गं?" ती म्हणाली. "यायचीच. मागल्या सालाला इथंच होता तो."

बाकीच्या बायकाही हळहळल्या. करिष्मा म्हणाली, थोडा वेळ बस हवं तर. रंगूने मान हलवली, हो म्हणाल्यासारखी, आणि त्यांना तसंच वाटू दिलं.